मतासाठी घर गेलं, मार खाल्ला. तरी मागे हटल्या नाहीत फॅनी लू हेमर

निवडणूक आली की आपल्याकडे गाडी दारात येते. म्हाताऱ्या माणसांनाही हाताला धरून केंद्रावर नेतात. पण अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कापूस वेचणाऱ्या एका बाईला नुसतं मतदार यादीत नाव घालायला गेल्याबद्दल घर सोडावं लागलं. त्यांचं नाव फॅनी लू हेमर.

६ ऑक्टोबर १९१७ ला त्यांचा जन्म झाला. वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. आईवडील गोऱ्या मालकाची जमीन बटईने करायचे. बियाणं, किराणा सगळं मालकाकडून उचल, आणि हंगाम संपला तरी हिशोबात कर्ज बाकीच. फॅनी लू सहाव्या वर्षापासून कापूस वेचू लागल्या. एकदा वडिलांनी कसंबसं करून स्वतःची खेचरं घेतली, थोडं बरं चाललं होतं. तर कोणीतरी खेचरांच्या चाऱ्यात विष कालवलं. जनावरं गेली आणि घर पुन्हा खाली आलं.

कागदावर काळ्या पुरुषांना १८७० पासून आणि बायांना १९२० पासून मताचा हक्क होता. पण मिसिसिपीत यादीत नाव घालायचं तर परीक्षा द्यावी लागे, मतासाठी वेगळा करही होता. राज्यघटनेचं कलम लिहून त्याचा अर्थ सांगायचा, आणि पास की नापास हे गोरा कारकून ठरवणार.

३१ ऑगस्ट १९६२ ला सतरा जणांसोबत त्या बसने इंडियानोला या जिल्ह्याच्या गावी गेल्या आणि नापास झाल्या. परत येताना पोलिसांनी बस अडवली. कारण काय, तर बसचा रंग शाळेच्या बससारखा पिवळा आहे! ड्रायव्हरला दंड झाला, तो सगळ्यांनी वर्गणी काढून भरला. घरी पोचल्या तर मालकाचा निरोप: अर्ज मागे घे, नाहीतर निघ. अठरा वर्षं तिथं राबलेल्या फॅनी लू त्याच रात्री निघाल्या. नवरा पॅप यांना मात्र कापूस निघेपर्यंत थांबावं लागलं. पुढे दहा दिवसांनी, त्यांना आसरा दिलेल्या घरावर रात्री सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. तरी जानेवारी १९६३ मध्ये त्या परीक्षा पास झाल्याच.

जून १९६३ मध्ये प्रशिक्षणाहून परत येताना विनोना गावच्या बस थांब्यावर त्यांना व सोबत्यांना अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांकडूनच त्यांना दंडुक्याने मारायला लावलं. एक दमला की दुसरा. मूत्रपिंड आणि डोळा कायमचा अधू झाला. १२ जूनला सुटका झाली. त्याच दिवशी जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याला स्वतःच्या दारात गोळी घालून ठार केलं होतं. मारहाण करवणारे पोलीस पुढे कोर्टातून निर्दोष सुटले. पंच सगळे गोरे होते.

ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात फॅनी लू यांनी ही सगळी हकीकत टीव्हीसमोर सांगितली. ती दिसू नये म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने स्वतःची पत्रकार परिषद लावली. पण वाहिन्यांनी त्यांचं बोलणं रात्री दाखवलंच. त्यांच्या गटाला फक्त दोन जागा देऊ केल्या, त्या त्यांनी नाकारल्या. पुढच्या वर्षी, ६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा झाला आणि असल्या परीक्षांना आळा बसला. १९६८ च्या अधिवेशनात त्या रीतसर प्रतिनिधी म्हणून बसल्या.

मत मिळालं तरी पोट मालकाच्या हातात असेल तर माणूस घाबरणारच, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी चाळीस एकरांवर सहकारी शेती उभी केली. भाजीपाला पिकवून गरजूंना दिला. डुकरांची बँक काढली: गाभण मादी एका घराला द्यायची, पिल्लं झाली की त्यातली दुसऱ्या घराला. पैसा कमी पडला, पूर आणि दुष्काळ आले, आणि काही वर्षांत शेती बंद पडली. पण तोवर कितीतरी घरांची चूल पेटली होती.

१४ मार्च १९७७ ला ५९ व्या वर्षी त्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्यांना मरणोत्तर सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

आपल्याला हा हक्क पहिल्याच निवडणुकीपासून मिळाला, स्त्री-पुरुष सगळ्यांना, परीक्षा न देता. तरी ऐन मतदानाच्या दिवशी यादीत नाव नाही म्हणून माणसं परत फिरतात. तेव्हा यादी आधीच बघून घ्या. घरातल्या बायांचं नावही बघा.