काचेतला समुद्र

दिवाळीच्या साफसफाईत मी आमच्या घरातले सात मासे मारले. मुद्दाम नाही हो, पण मारले मीच.

डबे घासून झाले, पंखे पुसून झाले, माळा आवरून झाला, मग नजर गेली हॉलमधल्या फिशटँककडे. काचेवर हिरवट थर, खड्यांमध्ये काळपट गाळ, पाणवनस्पतींची दोन-चार पानं पिवळी पडलेली. म्हटलं, पाहुणे येणार, हे असं बघून काय म्हणतील! मासे बादलीत काढले, सगळं पाणी मोरीत ओतलं, खडे घासणीनं घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढरा होईस्तोवर पिळला आणि नुकतंच आलेलं नळाचं पाणी भरून मासे परत सोडले. टँक असा लखलखला की सासूबाईसुद्धा दोन मिनिटं कौतुकानं बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. पंख अंगाला चिकटलेले, खाणं टाकलं तरी फिरकत नाहीत. जिथून मासे आणले होते त्या दुकानदारानं एक निळं औषध दिलं. पाणी शाईसारखं झालं, पण मासे काही सावरले नाहीत. भाऊबीजेपर्यंत सात गेले. मुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं आणि मी मनातल्या मनात म्हणत राहिले, एवढं स्वच्छ करूनसुद्धा!

आमच्या गल्लीत प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी माशांबद्दल एक शब्द विचारला नाही. पाणी कधी बदललं, किती बदललं, स्पंज कशानं धुतला, एवढंच विचारलं. मग कळलं, माझा गुन्हा स्वच्छतेचाच होता. माशांची घाण, उरलेलं खाणं, कुजलेलं पान, या सगळ्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांना विषच. पण खड्यांवर आणि त्या कळकट स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करून असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी, आणि वनस्पती तेच खत म्हणून वापरतात. ही वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी ती एका दुपारीत मोरीत ओतली होती! वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. उरलेसुरले जिवाणू त्यानं संपवले, माशांचे कल्लेही पोळले असणार.

निघताना बाईंनी एक नाव सांगितलं आणि म्हणाल्या की हिच्याबद्दल वाच. ज्यान व्हिलप्रो-पॉवर. मी कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी मुंबईला गेलो की तारापोरवाला मत्स्यालय बघणं ठरलेलं असायचं, पण असं काचेत पाणी भरून त्यात जीव सांभाळायची युक्ती कुणाची, हा प्रश्न कधी डोक्यातच आला नव्हता. ती एका शिवणकाम करणाऱ्या बाईची!

ज्यानचा जन्म १७९४ चा, फ्रान्समधल्या ज्युयाक नावाच्या खेड्यातला. वडील चांभारकाम करायचे, आई शिवणकाम करायची. लिहिण्या-वाचण्यापुरतं शिक्षण. अठराव्या वर्षी तिनं पॅरिसला जाऊन शिवणकाम करायचं ठरवलं आणि निघाली चालत. चारशे किलोमीटरहून जास्त अंतर! वाटेत सोबत म्हणून दिलेल्या नातेवाइकानंच तिच्यावर हात टाकला, कागदपत्रं काढून घेतली, असं तिच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं. नवे कागद येईपर्यंत तिला ऑर्लेआं शहरात अडकून पडावं लागलं. पॅरिसला पोचली तेव्हा ठरलेली नोकरी दुसऱ्या कुणाला तरी मिळालेली. पण ती परत फिरली नाही. दुसऱ्या एका शिवणवालीकडे हाताखाली राहिली. चार वर्षांत तिचा हात असा बसला की १८१६ साली सिसिलीची राजकन्या कॅरोलाइन फ्रेंच राजघराण्यात सून म्हणून आली, तेव्हा तिच्या लग्नाच्या पोशाखाचं काम ज्याननं केलं. पॅरिसमध्ये तिचं नाव झालं.

त्याच सुमारास जेम्स पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ मध्ये दोघांनी सिसिली बेटावरच्या मेसिना गावात लग्न केलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं संसार तिथेच झाला. आता कमवायची गरज नव्हती. दुसरी एखादी निवांत बसली असती. (मीसुद्धा बसले असते, खोटं कशाला बोलू.) ही पुस्तकं आणून स्वतःच निसर्गविज्ञान शिकायला लागली. बेटभर पायी फिरायची, वनस्पती, फुलपाखरं, शिंपले, जीवाश्म गोळा करायची, नोंदी ठेवायची. पुढे तिनं सिसिलीची मार्गदर्शिकाही लिहिली.

मेसिना म्हणजे बंदराचं गाव, समुद्र दाराशीच. तिथे तिला भेटला अर्गोनॉट. हा ऑक्टोपसचा भाऊबंद. याची मादी कागदासारख्या पातळ, पांढऱ्याशुभ्र शंखात राहते. नर अगदी चिमुकला, त्याला शंख नसतोच. आता भानगड अशी होती की या मादीचं अंग शंखाला कुठेही जोडलेलं नसतं. मग हा शंख तिचा स्वतःचा, की दुसऱ्या कुणाचा बळकावलेला? काही खेकडे नाही का रिकाम्या शंखात जाऊन राहतात, तसं? विद्वान लोक यावर पिढ्यान् पिढ्या भांडत होते. ॲरिस्टॉटलच्या काळापासून तर असंही मानलं जायचं की ही आपले दोन रुंद हात शिडासारखे वर धरते आणि वाऱ्यावर तरंगत जाते.

भांडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बघितलेला अर्गोनॉट मेलेला होता, दारूच्या बरणीत घालून ठेवलेला. ज्याननं ठरवलं, जिवंत बघायचा. १८३२ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तिनं काम सुरू केलं. पण जिवंत बघणार कसा? हा प्राणी बुजरा, माणसाची चाहूल लागली की दडतो. बाहेर काढला तर मरतो. त्याला बघायचं तर त्याचं पाणी सांभाळायला हवं, हे तिनं ओळखलं आणि तीन प्रकारच्या पेट्या करून घेतल्या. एक काचेची, घरात अभ्यासाच्या खोलीत ठेवायची. दुसरीही काचेचीच, पण बाहेरून पिंजरा असलेली, उथळ समुद्रात बुडवायची आणि हवी तेव्हा वर घ्यायची. तिसरा मोठा पिंजरा, खोल पाण्यात नांगर टाकून ठेवायचा. मला यातली दुसरी-तिसरी पेटी फार आवडली. प्राण्याला घरी आणून त्याच्यासाठी समुद्र तयार करणं अवघड पडत असेल, तर पेटीच समुद्रात न्यावी! पाणी बदलायचं काम लाटा आणि भरती-ओहोटी करणार.

मग ती बघत बसली. दिवसचे दिवस. शंखाचा तुकडा मुद्दाम तोडायची आणि काय होतं ते नोंदवायची. तिला दिसलं की मादी ते ज्यांना शिडं म्हणत होते तेच दोन पातळ, रुंद हात तुटक्या जागेवर पसरते, त्यातून द्रव पाझरतो आणि भोक बुजतं. म्हणजे शंख तिचा स्वतःचा, तिनंच घडवलेला, आणि ती शिडं म्हणजे शंख घडवायची अवजारं. शिवणवाल्या बाईनं दुसऱ्या बाईला फाटकं सांधताना बघितलं, असं माझ्या मनात आलं.

१८३४ मध्ये तिनं हे निष्कर्ष कातानिया शहरातल्या जोएनिया अकादमीपुढे ठेवले. अकादमीनं तिला सदस्य करून घेतलं, तिथली ती पहिली स्त्री. पण युरोपातल्या सगळ्या विद्वानांना ते इतकं सहज पचलं नाही. शाळा-कॉलेज न केलेली बाई, तीही एकेकाळची शिंपीण, आम्हाला शिकवणार? शंका निघाल्या, वाद झाले, श्रेयावरूनही कुरबुरी झाल्या. शेवटी १८३९ मध्ये रिचर्ड ओवेन या मोठ्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत तिचे नमुने आणि निरीक्षणं मांडली, तिची बाजू घेतली. संस्थेनंही तिला सदस्यत्व दिलं. पुढे मत्स्यालयाच्या जन्माचं श्रेयही ओवेन यांनी तिलाच दिलं.

आणि ते जहाज. सिसिलीहून तिचे नमुने, चित्रं, कागदपत्रं घेऊन निघालेलं जहाज बुडालं. कित्येक वर्षांचं काम समुद्रात गेलं, ज्या समुद्रातून एकेक करून वर काढलं होतं त्याच समुद्रात. १८४३ मध्ये नवरा-बायकोनं सिसिली सोडली. पुढे ती पॅरिसला आणि लंडनला राहिली, लिहीत राहिली, पण तसं संशोधन पुन्हा तिच्या हातून झालं नाही. हे वाचताना मला आमच्या सात माशांचं दुःख जरा लहान वाटलं, तेही सांगून टाकते.

तिच्या पेट्यांना दाराशी समुद्र होता. आपल्याकडे काय, तर दिवसाआड येणारं नळाचं पाणी. पण यावरचा उपायही एका बाईला सापडलेला आहे. ॲना थिन ही लंडनची पाद्रीणबाई १८४६ साली टॉर्की या समुद्रकाठच्या गावाहून जिवंत प्रवाळ घेऊन घरी आली. लंडनमध्ये समुद्राचं पाणी कुठून आणणार? मग तिची मोलकरीण तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, आपण चहा गार करतो ना, तसं. म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. नंतर ॲनानं पाण्यात सागरी वनस्पती सोडल्या आणि प्रवाळ वर्षानुवर्षं जगले. (त्या मोलकरणीचं नाव मात्र कुणी लक्षात ठेवलेलं दिसत नाही.) १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं तेच गोड्या पाण्यात केलं. दोन गोल्डफिश आणि फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया. पण थोड्या दिवसांत पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं. त्यानं सगळं ओतून दिलं नाही, माझ्यासारखं! त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ खाल्लं आणि पाणी निवळलं.

आता माझ्या टँकजवळ एक वही असते. मासे वर येऊन तोंड उघडताहेत असं दिसलं की आधी वेळ लिहायची. फक्त पहाटे होत असेल तर रात्रीची गोष्ट आहे. दिवसा उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही आपल्यासारख्याच तो वापरतात. वनस्पती आणि मासे दोन्ही दाट असले की पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू कमी पडतो. रात्री हवेचा पंप चालू ठेवला की भागतं. दिवसभर तोंड उघडत असतील तर अमोनियाचा संशय घ्यायचा. तपासायचं किट शहरातल्या दुकानात मिळतं, ते मी मागवून ठेवलंय. अमोनिया किंवा नायट्राइट जरा जरी दिसलं तरी खाणं बंद, आणि लगेच पाव हिस्सा पाणी बदलायचं. एरवी आठवड्यातून एकदा तेवढंच. पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातं आणि ते टँकमधल्या पाण्याइतकंच कोमट-गार होतं. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यातच, हलका पिळून. पिवळं पान दिसलं की कात्रीनं कापून बाहेर. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, पाहुण्यांच्या पोरांनी कितीही हट्ट केला तरी. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो खरा रोग, परजीवीचा. तिथे औषध लागतं. पण त्या दिवशीही पाणी आधी तपासते, मग बाटलीला हात लावते.

मागच्या आठवड्यात मुलीनं वहीत माझ्याआधीच नोंद केली होती. सकाळी सहा वाजता गप्पीची नऊ पिल्लं, व्हॅलिसनेरियाच्या मुळाशी लपलेली.

ज्यान १८७० मध्ये, प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला तेव्हा, म्हातारपणी आपल्या ज्युयाकला परतली. तिथेच जानेवारी १८७१ मध्ये ती गेली. शंभर वर्षांहून जास्त काळ तिचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. शुक्र ग्रहावरच्या मोठ्या विवरांना नामवंत स्त्रियांची नावं देतात, त्यातलं एक १९९७ साली तिच्या नावाचं झालं. शुक्रावर पाण्याचा एक थेंब नाही, हे ऐकून माझी मुलगी खूप हसली. मग वही घेऊन पिल्लं मोजायला बसली. आठच भरली. नववं शोधत ती अजून तिथेच बसलेली आहे.