ॲलन ब्लमलाइन

ॲलन डाउअर ब्लमलाइन (२९ जून, १९०३: हॅम्पस्टेड, लंडन – ७ जून, १९४२: वेल्श बिक्नर, हेरफर्डशायर) हे ब्रिटिश विद्युत अभियंते व संशोधक होते. दोन ध्वनिक्षेपकांच्या साहाय्याने श्रोत्याला ध्वनीची दिशा जाणवून देणारी स्टिरिओ पद्धती त्यांनी १९३१ मध्ये मांडली. दूरध्वनी, ध्वनिमुद्रण, दूरचित्रवाणी आणि रडार या चार क्षेत्रांत मिळून त्यांच्या नावे १२८ पेटंट आहेत. वयाच्या ३८ व्या वर्षी एका गुप्त विमानचाचणीत त्यांचा मृत्यू झाला.

बालपण व शिक्षण

ब्लमलाइन यांचे वडील सेमी ब्लमलाइन हे जर्मनीत जन्मलेले व पुढे ब्रिटिश नागरिक झालेले खाण अभियंते होते. आई जेसी डाउअर ही दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या होती. ॲलन सात वर्षांचे असताना त्यांनी घराची विजेची घंटा दुरुस्त केली आणि विद्युत अभियंता या नात्याने सही करून वडिलांना तिचे बिल दिले, अशी कथा कुटुंबात सांगितली जात असे. विशेष म्हणजे याच मुलाला बाराव्या वर्षापर्यंत नीट वाचता येत नव्हते. हायगेट स्कूलमधील शिक्षणानंतर त्यांनी लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी प्रथम श्रेणीत मिळवली.

१९२४ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत रुजू झाले. तेथे मानवी कानाची वेगवेगळ्या कंप्रतांना असलेली संवेदनक्षमता मोजण्याचे काम त्यांच्याकडे आले. लांब पल्ल्याच्या दूरध्वनी तारांमध्ये एका संभाषणाचा आवाज शेजारच्या तारेत मिसळण्याचा दोष कमी करण्यावरही त्यांनी संशोधन केले. कान प्रत्यक्षात काय ऐकतो, हा प्रश्न पुढे त्यांच्या ध्वनिविषयक कामाच्या मुळाशी राहिलेला दिसतो.

ध्वनिमुद्रणातील कार्य

१९२९ मध्ये ब्लमलाइन कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखाली काम करू लागले. त्या काळी विद्युत पद्धतीने तबकडी कोरण्याचे यंत्र अमेरिकन पेटंटने संरक्षित होते व त्याच्या वापरासाठी मोठे स्वामित्वशुल्क मोजावे लागे. हर्बर्ट होल्मन यांच्या सहकार्याने ब्लमलाइन यांनी हलत्या वेटोळ्याच्या तत्त्वावर चालणारे वेगळेच कोरणयंत्र तयार केले. त्यामुळे हा खर्च वाचलाच, शिवाय मुद्रणाचा दर्जाही सुधारला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय ही कंपनी स्थापन झाली. यांपैकी ग्रामोफोन कंपनीची हिज मास्टर्स व्हॉइस ही मुद्रा महाराष्ट्राला बालगंधर्वांसारख्या गायकांच्या तबकड्यांमुळे घरोघरी परिचित होती. अर्थात त्या सर्व तबकड्या एकाच ध्वनिमार्गाच्या होत्या.

स्टिरिओचा शोध

१९३१ च्या सुमारास ब्लमलाइन आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या डोरीन लेन एक बोलपट पाहण्यास गेले होते. पडद्यावरील नट एका बाजूस असला तरी त्याचा आवाज मात्र पडद्यामागच्या एकाच ध्वनिक्षेपकातून येत होता. ही विसंगती त्यांना खटकली आणि आवाज नटाच्या मागोमाग नेण्याचा उपाय आपल्याला सापडला असल्याचे त्यांनी डोरीन यांना सांगितले, अशी आठवण प्रसिद्ध आहे. १४ डिसेंबर, १९३१ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. ३९४३२५ क्रमांकाचे हे ब्रिटिश पेटंट १९३३ मध्ये मंजूर झाले. त्यात ७० दावे आहेत. स्टिरिओ हा शब्द त्यांनी वापरला नव्हता. ते आपल्या पद्धतीला द्विकर्णी ध्वनी म्हणत.

माणसाचे दोन कान दिशा ओळखताना दोन खुणांचा उपयोग करतात. खालच्या पट्टीतील आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोहोचतो, तर वरच्या पट्टीतील आवाज डोक्याच्या आडोशामुळे एका कानाला अधिक मोठा ऐकू येतो. ध्वनिक्षेपकांनी ऐकताना अडचण अशी की डावा ध्वनिक्षेपक केवळ डाव्या कानालाच ऐकू येतो असे नाही. दोन्ही कानांना दोन्ही ध्वनिक्षेपक ऐकू येतात. ब्लमलाइन यांनी हीच अडचण उपयोगात आणली. दोन ध्वनिक्षेपकांतून तोच आवाज कमीअधिक तीव्रतेने सोडला, तर चारही मार्गांनी येणाऱ्या लहरी कानांपाशी मिसळून खालच्या पट्टीत वेळेचा आवश्यक तो फरक आपोआप निर्माण होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यामुळे वादक दोन ध्वनिक्षेपकांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभा असल्याचा भास होतो.

पेटंटमध्ये ध्वनिग्रहणापासून तबकडीपर्यंतच्या सर्व टप्प्यांचा विचार होता. एकमेकांशी काटकोनात ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांची त्यांची रचना आजही ब्लमलाइन जोडी म्हणून ओळखली जाते. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन ध्वनिमार्ग कोरण्याची कल्पनाही तेथेच आढळते. स्टिरिओ तबकड्या १९५८ मध्ये बाजारात आल्या, तेव्हा त्या याच तत्त्वावर कोरलेल्या होत्या. मात्र त्या वेळच्या ग्राहकांपैकी फारच थोड्यांना ब्लमलाइन हे नाव ठाऊक होते.

जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम यांच्या संचालनाखाली लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंद मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीचा सराव करत असताना ब्लमलाइन यांनी त्याचे द्विकर्णी मुद्रण केले. १९३५ मध्ये त्यांनी काही प्रायोगिक बोलपट तयार केले. त्यांपैकी एकात माणसे बोलत बोलत मंचावर इकडून तिकडे चालतात, तर दुसऱ्यात हेझ स्थानकावरून आगगाड्या जातात. कथानक नसलेले हे तुकडे आजही पाहण्यासारखे आहेत, कारण चाललेल्या माणसाबरोबर आवाजही चालतो. तथापि कंपनीला या पद्धतीतून नजीकच्या काळात फायदा दिसला नाही आणि हे काम मागे पडले.

घरातील ध्वनिक्षेपकांची मांडणी

ब्लमलाइन यांच्या विवेचनात श्रोता दोन्ही ध्वनिक्षेपकांपासून सारख्या अंतरावर आहे, असे गृहीत आहे. घरी स्टिरिओ संच मांडताना दोन ध्वनिक्षेपक आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधण्याचा जो सल्ला दिला जातो, त्यामागचे कारण हेच होय. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्यामुळे एक ध्वनिक्षेपक ३० सेंटिमीटरनी जवळ असला तरी त्याचा आवाज जवळजवळ एक मिलिसेकंद आधी पोहोचतो, आणि तेवढ्याने गायक मध्यभाग सोडून त्या बाजूस सरकलेला वाटतो. समतोल साधणारे बटण फिरवून हा दोष पूर्णपणे जात नाही. खुर्ची किंवा ध्वनिक्षेपक हलवणे अधिक परिणामकारक ठरते.

एका ध्वनिक्षेपकाच्या तारांची अदलाबदल झाली, म्हणजे धन व ऋण टोके उलट जोडली गेली, तर खालचे स्वर क्षीण होतात व मधला आवाज विखुरतो. आवाज कोठून येतो ते सांगता येत नसेल, तर प्रथम या जोडणीची तपासणी करणे इष्ट. भिंतीलगत किंवा कोपऱ्यात ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाचे खालचे स्वर फुगतात. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला उघडे दार असल्यास दोन्ही बाजूंचे परावर्तन वेगळे होते व ध्वनिप्रतिमा तिरकी होते. मुंबईत माहुल येथील पुनर्वसन वसाहतीत असतात तशा सुमारे २२५ चौरस फुटांच्या घरातही ही मांडणी शक्य आहे. पाच फुटांच्या बाजूंचा त्रिकोणही पुरतो. त्रिकोण लहान झाल्याने चित्र बिघडत नाही, वाकडा झाल्याने बिघडते. पेटी, कपाट किंवा पलंगाची कड यांपैकी काही एका ध्वनिक्षेपकाच्या आड येणार नाही आणि उंच स्वरांचा ध्वनिक्षेपक साधारण बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल, एवढे पाहावे लागते.

दूरचित्रवाणी

१९३३ मध्ये ब्लमलाइन यांचा डोरीन लेन यांच्याशी विवाह झाला. त्यांना सायमन व डेव्हिड असे दोन पुत्र झाले. याच सुमारास शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखालील ईएमआयच्या गटात ते दूरचित्रवाणीच्या कामाकडे वळले. या गटाने विकसित केलेली ४०५ रेषांची पद्धती बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू केलेल्या सेवेत वापरली. दोन संकेतांमधील केवळ फरकच वाढवणारी नळ्यांची समतोल जोडी हे ब्लमलाइन यांचे या काळातील एक महत्त्वाचे योगदान असून, तिच्याच स्वरूपातील मंडले आजच्या बहुतेक ध्वनिवर्धकांत आढळतात.

रडार संशोधन व मृत्यू

दुसऱ्या महायुद्धात ब्लमलाइन यांनी रडारवर काम केले. ढगांतून किंवा अंधारात विमानातून खालील भूभागाचे चित्र दाखवणाऱ्या एच२एस या संचाची चाचणी घेण्यासाठी ७ जून, १९४२ रोजी ते हॅलिफॅक्स जातीच्या बाँबफेकी विमानातून गेले. परतीच्या वाटेवर उजवीकडील बाहेरच्या इंजिनास आग लागली आणि विमान वेल्श बिक्नर गावाजवळ कोसळले. विमानातील सर्व ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ब्लमलाइन यांचे ईएमआयमधील सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लायदेन यांचाही समावेश होता. देखभालीच्या वेळी इंजिनातील झडपेशी संबंधित एक नट पुरेसा घट्ट न केल्याने झडप तुटली व आग लागली, असे चौकशीत आढळले. त्यांच्या पश्चात काम पुढे चालू राहिले आणि जानेवारी १९४३ मध्ये एच२एसचा प्रत्यक्ष वापर सुरू झाला.

प्रकल्प गुप्त असल्याने मृत्यूची वार्ता तत्काळ जाहीर झाली नाही. या गुप्ततेमुळे, आणि स्टिरिओ तबकड्या बाजारात येण्यापूर्वीच संशोधक हयात नसल्याने, दीर्घकाळ त्यांचे नाव तज्ज्ञांपुरतेच मर्यादित राहिले. त्यांचे पहिले सविस्तर चरित्र १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. ते रॉबर्ट अलेक्झांडर यांनी लिहिले आहे.

सन्मान

लंडनमधील ईलिंग येथील त्यांच्या राहत्या घरावर १९७७ मध्ये निळी स्मृतिपट्टिका बसवण्यात आली. २०१५ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत त्यांच्या स्टिरिओविषयक शोधाच्या स्मरणार्थ आयईईई या संस्थेने फलक लावला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.