लिलियन वाल्ड
लिलियन वाल्ड (१० मार्च, १८६७ – १ सप्टेंबर, १९४०) या अमेरिकन परिचारिका व समाजसुधारक होत्या. न्यू यॉर्कमधील 'हेन्री स्ट्रीट सेटलमेंट' या संस्थेच्या त्या संस्थापक होत.

सिनसिनाटी येथे सधन ज्यू कुटुंबात जन्मलेल्या वाल्ड यांनी १८९१ मध्ये परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले व पुढे वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८९३ मध्ये लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या वस्तीत त्या गृहपरिचर्येचे वर्ग घेत असताना एक लहान मुलगी त्यांना आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. बाळंतपणानंतर रक्तस्राव झालेली ती स्त्री अस्वच्छ अंथरुणात पडून होती. या प्रसंगानंतर वाल्ड यांनी महाविद्यालय सोडले आणि मेरी ब्रूस्टर या परिचारिकेसह त्याच वस्तीत बिऱ्हाड केले. १८९५ मध्ये बँकर जेकब शिफ यांच्या साहाय्याने हेन्री स्ट्रीटवरील घर मिळाले.

डॉक्टरांच्या शिफारशीविना रुग्णाला थेट परिचारिकेस बोलावता यावे, असा वाल्ड यांचा आग्रह होता. शुल्क ऐपतीप्रमाणे घेतले जाई; ज्यांना ते शक्य नसे, त्यांची शुश्रूषा विनामूल्य होई. अल्प शुल्कामागे रुग्णाचा स्वाभिमान राखण्याचा हेतू होता. १९१३ पर्यंत ९२ परिचारिका वर्षाला सुमारे २ लाख गृहभेटी देऊ लागल्या. 'मेट्रोपॉलिटन लाइफ' या कंपनीने १९०९ पासून आपल्या विमेदारांसाठी हीच सेवा घेतली. विमा नसलेल्या गरिबांचा भार मात्र मुख्यतः देणग्यांवरच राहिला. पहिल्या महायुद्धाला केलेल्या विरोधामुळे वाल्ड यांनी काही देणगीदारही गमावले.

वेस्टपोर्ट, कनेटिकट येथे त्यांचे निधन झाले. १९४४ मध्ये गृहपरिचर्या सेवा मूळ संस्थेपासून स्वतंत्र झाली.