थोरांची ओळख : कॉफीमागचा शेतकरी जगाला दाखवणारे मुल्तातुली

विद्यार्थी मित्रांनो, चिकमगळूर आणि कोडगूची कॉफी आपल्या घराघरात येते. पण १६९९ साली डच व्यापाऱ्यांनी आपल्याच मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली आणि तेथे ती रुजली, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. त्या जावातील शेतकऱ्यांचे हाल जगापुढे मांडणाऱ्या एका सरकारी अधिकाऱ्याची ही ओळख.

एदुआर्द दाउवेस देकर यांचा जन्म २ मार्च १८२० रोजी ॲम्स्टरडॅम येथे झाला. वडील जहाजाचे कप्तान. अठराव्या वर्षी वडिलांच्याच जहाजातून ते जावाला निघाले आणि तेथे सरकारी नोकरीत लागले.

१८३० पासून तेथे डच सरकारने सक्तीच्या लागवडीची पद्धत सुरू केली होती. सरकार सांगेल ते पीक शेतकऱ्याने लावायचे. डोंगरउतारावर कॉफीची झाडे जगवायची, फळे तोडायची, बिया वाळवायच्या आणि सरकारी गोदामात नेऊन घालायच्या. भाव ठरवणार सरकारच. तीच कॉफी पुढे हॉलंडमध्ये लिलावात चढ्या दराने विकली जाई. अधिकाऱ्यांना आणि स्थानिक सरदारांना पिकाच्या प्रमाणात बक्षिसी मिळे, म्हणून शेतकऱ्यावर दडपण वाढतच जाई. १८४० च्या दशकात जावाच्या काही भागांत दुष्काळ पडून माणसे दगावली.

जानेवारी १८५६ मध्ये देकर यांची लेबाक जिल्ह्यात मोठ्या पदावर नेमणूक झाली. तेथील सरदार गावकऱ्यांकडून वेठबिगार करून घेतो, त्यांच्या म्हशी मोबदला न देता ओढून नेतो, अशा तक्रारी त्यांच्या कानी आल्या. म्हैस गेली की नांगरणी थांबली आणि घर उपाशी! देकर यांनी थेट वरिष्ठांकडे तक्रार केली. वरिष्ठांना हे रुचले नाही. त्यांची बदली करण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी राजीनामाच दिला. लेबाकमध्ये ते जेमतेम तीन महिने होते.

पुढची वर्षे हलाखीची गेली. १८५९ साली ब्रुसेल्समधील एका साध्या खानावळीत राहून त्यांनी काही आठवड्यांत 'माक्स हावेलार' ही कादंबरी लिहिली. त्यात एक कॉफीचा दलाल आहे. त्याला लिलावाची चिंता, शेतकऱ्याची नाही. पुस्तक १८६० मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा संपादकाने गावांची नावे आणि सनावळ्या गाळून तेथे नुसती टिंबे घातली. तरीही देशभर खळबळ उडाली. देकर यांनी घेतलेले टोपणनाव 'मुल्तातुली' लॅटिन भाषेतले आहे. त्याचा अर्थ 'मी पुष्कळ सोसले आहे'.

ते निर्दोष नव्हते. कर्ज आणि जुगार यांपायी त्यांच्या पत्नीला व मुलांना फार सोसावे लागले. पुस्तक लिहिण्यात स्वतःला न्याय मिळावा हाही हेतू होता. तो न्याय त्यांना मिळाला नाही. १९ फेब्रुवारी १८८७ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. कॉफीची सक्ती संपायला तर विसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडले.

मात्र पुस्तक जिवंत राहिले. १९८८ साली मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील छोट्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेची कॉफी हॉलंडच्या दुकानांत आली, ती 'माक्स हावेलार' असा शिक्का घेऊनच. बाजार पडला तरी शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव द्यायचा, ही त्यामागची अट. आपल्या भाषेत सांगायचे तर हमीभाव! आज इंडोनेशियातील बहुतेक कॉफी लहान शेतकरीच पिकवतात. काही गट फक्त लाल, पिकलेली फळे वेचतात, साल काढून बिया आंबवतात, धुतात, उन्हात निगुतीने वाळवतात आणि दर्जेदार कॉफी म्हणून जास्त भाव मिळवतात. लेबाक जिल्ह्याच्या रांगकासबितुंग गावी २०१८ साली मुल्तातुलींचे संग्रहालयही उघडले.

मित्रांनो, ऊस असो, कांदा असो की कॉफी, पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. चालू नोकरीत गप्प बसणे सोपे होते. देकर गप्प बसले नाहीत. उद्या तुमच्यापैकी कुणी अधिकाराच्या खुर्चीवर बसेल, तेव्हा या माणसाची आठवण ठेवा.