नान्सेनचा पासपोर्ट

शेवटचं वर्ष सुरू झालं की हॉस्टेलवर पासपोर्टचा विषय निघतोच. कुणाला एमएसला जायचंय, कुणाला कंपनी बाहेर पाठवणार असते. पोलीस व्हेरिफिकेशन अडकलं की आपण वैतागतो. पण मित्रांनो, ज्याला कुठलाच देश आपला म्हणत नाही, त्याने पासपोर्ट मागायचा कुणाकडे? लाखो लोकांसमोर उभ्या राहिलेल्या या प्रश्नाला पहिलं उत्तर शोधलं ते फ्रिट्योफ नान्सेन या संशोधकाने.

नान्सेनचा जन्म १८६१ चा, नॉर्वेतला. शिक्षण प्राणिशास्त्राचं, वेड बर्फाचं. १८८८ मध्ये पाच सोबत्यांना घेऊन त्याने स्कीवरून ग्रीनलंड आडवं पार केलं. मज्जासंस्थेवरची डॉक्टरेटही त्याच वर्षीची!

पुढची मोहीम आपल्यासारख्यांना जास्त आवडेल. उत्तर ध्रुवाकडे जाणारी जहाजं बर्फात अडकून चिरडली जायची. नान्सेनचं म्हणणं, बर्फाशी झुंजायचं कशाला? कॉलिन आर्चरने त्याला 'फ्राम' हे गोलसर बुडाचं जहाज बांधून दिलं. बर्फाने दाबलं की ते वर उचललं जायचं. जहाजावर दिव्यांसाठी पवनचक्कीवर चालणारा डायनामो होता. १८९३ मध्ये नान्सेनने ते मुद्दाम बर्फात गोठू दिलं, आणि बर्फासोबत वाहत १८९६ मध्ये ते सुखरूप बाहेर आलं. मधल्या काळात तो एका सोबत्यासह स्लेजवरून ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोचला होता. तोवर इतक्या उत्तरेला कुणीच गेलं नव्हतं.

आता निवांत संशोधन करत बसला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण पहिलं महायुद्ध संपलं आणि १९२० मध्ये राष्ट्रसंघाने त्याच्यावर युद्धकैद्यांना घरी पोचवायचं काम सोपवलं. दोन वर्षांत सव्वाचार लाखांहून जास्त कैदी आपापल्या देशी परतले.

निर्वासितांचं काम त्याहून अवघड निघालं. कैद्यांना निदान परत जायला देश होता. रशियातल्या क्रांतीनंतर आणि यादवीनंतर जे लाखो लोक बाहेर पडले, त्यांचं नागरिकत्वच डिसेंबर १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने काढून घेतलं. त्यातले कितीतरी कॉन्स्टँटिनोपलला अडकले होते. तिथे पोटाला काम नाही, आणि कागद नाही म्हणून दुसरीकडे जाता येत नाही. शेजारची सरकारंही त्यांना घ्यायला कचरत होती.

१९२१ मध्ये राष्ट्रसंघाने नान्सेनला निर्वासितांचा उच्चायुक्त नेमलं. जुलै १९२२ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत त्याने एक साधं ओळखपत्र मान्य करून घेतलं. निर्वासित ज्या देशात असेल त्या देशाने ते द्यायचं आणि बाकीच्यांनी त्यावर व्हिसा द्यायचा. यालाच लोक नान्सेन पासपोर्ट म्हणू लागले. पुढे पन्नासहून अधिक देशांनी तो मानला, १९२४ पासून आर्मेनियन निर्वासितांनाही तो मिळू लागला. चित्रकार शागाल, संगीतकार स्ट्राविन्स्की हेही याच कागदावर फिरले.

पण कागद मिळाला म्हणजे दार उघडलं असं नव्हे. कुणाला घ्यायचं हे ज्या त्या देशाच्याच हातात राहिलं. इतकंच काय, ज्या देशाने कागद दिला तोसुद्धा माणसाला परत घ्यायला बांधील नव्हता. परतीच्या व्हिसाची सोय १९२६ मध्ये मान्य झाली, तीही शिफारस म्हणून. अमेरिकेने १९२१ आणि १९२४ च्या कोटा कायद्यांनी दार बरंच लोटून घेतलं होतं. फ्रान्सने मात्र घेतलं, कारण महायुद्धात तिथली तेरा लाखांवर माणसं मेली होती आणि खाणी-कारखान्यांना हात हवे होते. त्यामुळे निर्वासित वसले तेही कामाच्या मागे. लोखंडाच्या कारखान्यांत, पॅरिसजवळ बियांकूरला रेनोच्या मोटार कारखान्यात रशियन कामगार लागले. झारच्या सैन्यातले अधिकारी पॅरिसमध्ये टॅक्सी चालवू लागले. मग जागतिक मंदी आली आणि १९३२ मध्ये त्याच फ्रान्सने परदेशी कामगारांवर मर्यादा घालणारा कायदा केला. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

हे बघायला नान्सेन नव्हता. १९२२ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं, ते पैसेही त्याने मदतकार्यात घातले. आर्मेनियन लोकांना वसवण्याच्या योजनेसाठी तो वर्षानुवर्षं सरकारांचे उंबरे झिजवत राहिला, पण पैसा उभा राहिला नाही. १३ मे १९३० रोजी तो गेला.

त्याच्या नावाच्या कार्यालयाला १९३८ मध्ये नोबेल मिळालं. १९५१ च्या निर्वासित करारात प्रवासाच्या कागदाची तरतूद आहे, तिचं मूळ नान्सेनच्या ओळखपत्रातच आहे. कुणाला आत घ्यायचं याचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

आपला पासपोर्ट हातात येईल तेव्हा एकदा पहिलं पान नीट बघा. तिथे छापलेलं देशाचं नाव आपण कमावलेलं नसतं, ते आपल्याला जन्माने मिळालेलं असतं. ज्यांच्याकडे तेही उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी हा माणूस आयुष्याची शेवटची दहा वर्षं धावला.