वाट चुकलेल्यांचे गुरुजी

युक्रेनमधील पोल्टाव्हा शहरापासून सहा किलोमीटरवर रानात काही ओसाड इमारती उभ्या होत्या. लोकांनी त्यांची दारे-खिडक्या तर नेल्याच होत्या. पण आवारातील फळझाडेही मुळांसकट उपटून नेली होती! अशा या जागी १९२० साली आंतोन माकारेंको या शिक्षकाने एक आगळी सरकारी शाळा सुरू केली.

माकारेंको यांचा जन्म १८८८ चा. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात रंगारी होते. आंतोन सतराव्या वर्षीच शिक्षक झाले. पुढे महायुद्ध व यादवी यांनी देशाची धूळधाण केली. लक्षावधी मुले पोरकी होऊन भटकू लागली. चोऱ्या, प्रसंगी वाटमारीही करू लागली. अशाच मुलांसाठी ही शाळा होती.

प्रथम आली अवघी सहा मुले. ती गुरुजींना जुमानीत नसत. एकदा संतापाच्या भरात माकारेंकोंनी एका मुलाला मारले. तो आपला पराभवच, असे ते पुढे मानीत. मात्र त्याच दिवशी ते स्वतः कुऱ्हाड घेऊन मुलांबरोबर लाकडे तोडण्यास गेले. मुलांच्या जुन्या गुन्ह्यांचे कागद वाचणेही त्यांनी सोडून दिले.

सेम्यॉन कालाबालिन नावाच्या तरुणाला आणण्यास ते तुरुंगात गेले. तुरुंगाधिकाऱ्याने मुलाची पोचपावती मागितली. माकारेंकोंनी सेम्यॉनला क्षणभर बाहेर जाण्यास सांगितले. असे का, हे त्याला दहा वर्षांनी कळले. एखाद्या वस्तूसारखी आपली पावती लिहिली जात आहे, हे त्याच्या दृष्टीस पडू नये, एवढाच गुरुजींचा हेतू होता! केवढे हे सूक्ष्म मन!

पुढे एके दिवशी गुरुजींनी त्याला घोडा व पिस्तूल देऊन शहरातून शाळेचे पाचशे रुबल आणण्यास पाठविले. तो पळून जाता, तर पैसा, घोडा आणि गुरुजींची अब्रू, सारेच गेले असते. सेम्यॉन परतला. पैसे मोजून घ्या, म्हणून तो हट्ट धरून बसला. परंतु माकारेंकोंनी ते न मोजताच खणात ठेवले. दोन आठवड्यांनी त्यांनी त्यालाच दोन हजार रुबल आणण्यास धाडले. वाटेत दरोडेखोर यावेत आणि या पैशांसाठी आपण प्राणपणाने लढावे, असे त्या दिवशी सेम्यॉनला वाटत होते.

शाळेला मॅक्सिम गॉर्की या थोर लेखकाचे नाव मिळाले. १९२६ साली ती खार्कोव्हजवळ कुर्याझ येथे गेली. माकारेंकोंची शिस्त शिक्षणखात्यातील अनेकांना मानवेना. अखेर १९२८ साली त्यांना ती सोडावी लागली. तोवर खार्कोव्हमधील दुसरी वसाहतही ते पाहू लागले होते. तेथील मुले शाळा शिकता शिकता कारखान्यात उत्तम कॅमेरे तयार करीत.

१९३९ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोजवळच्या एका स्थानकावर, आगगाडीतच, हृदयविकाराने माकारेंकोंचे निधन झाले. सेम्यॉन तोवर स्वतः शिक्षक झाला होता. अनाथ मुलांची वसतिगृहे चालविण्यातच त्याने आपले आयुष्य वेचले.