ऑलिव्हर हेव्हिसाइड

ऑलिव्हर हेव्हिसाइड (१८ मे, इ.स. १८५० - ३ फेब्रुवारी, इ.स. १९२५) हे इंग्लिश गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व विद्युत अभियंते होते. तारेतून वाहणाऱ्या संकेतांचे गणित त्यांनी सिद्ध केले. आजच्या इथरनेट जाळ्यांतील मंडलांची रचना करताना व त्यांतील दोष शोधताना याच गणिताचा आधार घ्यावा लागतो.

== जीवन ==
हेव्हिसाइड यांचा जन्म लंडनच्या कॅम्डेन टाउन भागात झाला. वडील टॉमस हे लाकडावर ठसे कोरण्याचा व्यवसाय करीत. घरची स्थिती बेताचीच होती. बालपणी लोहितांगज्वर होऊन ऑलिव्हर यांची श्रवणशक्ती मंदावली. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. तारायंत्राच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेले सर चार्ल्स व्हीटस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान. त्यामुळे ते तारायंत्राकडे वळले. डेन्मार्क व न्यूकॅसल येथे त्यांनी तारयंत्रचालकाची नोकरी केली. १८७४ साली ती सोडली आणि पुढे आयुष्यात दुसरी पत्करली नाही. मॅक्सवेल यांचा विद्युत व चुंबकत्वावरील ग्रंथ त्यांनी कोणत्याही विद्यापीठाची पायरी न चढता आत्मसात केला. मॅक्सवेल यांच्या नावाने आज शिकविली जाणारी चार सुटसुटीत समीकरणे मुख्यत्वे हेव्हिसाइड यांनी घडविलेल्या रूपातील आहेत, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊक नसते.

== तारेचे गणित ==
लांब केबलमधून पाठविलेला संकेत पलीकडे पोहोचेपर्यंत पसरट व अस्पष्ट होई. तारेच्या प्रत्येक अंशात रोध, धारिता व गळती यांबरोबर प्रवर्तकता (इंडक्टन्स) हीही असते, हे हेव्हिसाइड यांनी हिशेबात घेतले. १८८७ साली त्यांनी दाखविले की, रोध व प्रवर्तकता यांचे गुणोत्तर गळती व धारिता यांच्या गुणोत्तराइतके असल्यास संकेत क्षीण होतो, पण विकृत होत नाही. प्रत्यक्ष केबलमध्ये प्रवर्तकता फारच कमी पडते. म्हणून ती मुद्दाम वाढवावी, असा याचा अर्थ.

ब्रिटिश टपाल खात्याचे अभियंते विल्यम प्रीस यांचे मत नेमके उलट होते. प्रवर्तकता ही त्यांना शत्रू वाटे. हेव्हिसाइड यांचे बंधू आर्थर याच खात्यात होते. दोघांनी मिळून लिहिलेला निबंध प्रीस यांनी अडविला. १८८९ मध्ये विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी जाहीरपणे गौरव केला, तेव्हा कुठे परिस्थिती पालटली. १८९१ साली हेव्हिसाइड रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. परंतु तारमार्गावर ठरावीक अंतरावर वेटोळी बसविण्याचे अमेरिकन पेटंट १९०० साली मायकेल प्यूपिन यांना मिळाले आणि त्यातून आलेला पैसाही त्यांनाच. मूळ कल्पना मांडणाऱ्यास त्यातील काही मिळाले नाही.

== इथरनेटशी संबंध ==
संरोधाला इंपीडन्स हे नाव हेव्हिसाइड यांनीच १८८६ साली दिले. जुन्या इथरनेटच्या कोॲक्सियल केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे रोधक लावीत. (केबलच्या या प्रकाराचे इंग्लंडमधील पेटंटही १८८० साली हेव्हिसाइड यांनीच घेतले होते.) एक रोधक निखळला की संकेत टोकावरून परावर्तित होऊन सर्व जाळे बंद पडे. आजच्या पिळाच्या जोडतारेचा संरोध १०० ओहम असतो. सर्किट बोर्डवरील तांब्याच्या जोडरेषा, रोहित्र आणि सॉकेट यांच्याशी तो जुळावा लागतो. जुळला नाही, तर त्या जागेवरून प्रतिध्वनी परततो. हाच प्रतिध्वनी दोष शोधण्यासही उपयोगी पडतो. संकेत एका नॅनोसेकंदात सुमारे २० सेंटिमीटर जातो. प्रतिध्वनी ३०० नॅनोसेकंदांनी आला, तर दोष सुमारे ३० मीटरवर आहे.

== उत्तरायुष्य ==
१८९६ पासून सरकारकडून त्यांना वर्षाला १२० पौंड निवृत्तिवेतन मिळू लागले. १९०२ साली वातावरणाच्या वरच्या भागात रेडिओलहरी परतविणारा वाहक थर असावा, असे त्यांनी सुचविले. त्याच वर्षी आर्थर केनेली यांनीही तेच मांडल्याने या थराला दोघांचे नाव मिळाले. १९२२ साली विद्युत अभियंत्यांच्या ब्रिटिश संस्थेने पहिले फॅरडे पदक त्यांना दिले. अखेरची वर्षे त्यांनी टॉर्की येथे एकांतात काढली. तेथेच त्यांचे निधन झाले. दफन पेंटन येथे आईवडिलांच्या थडग्यात झाले.